दुपारचा बहिष्कार, रात्रीची आग

सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्र शिकत होतो ते दिवस व्हिडिओ कॅसेटचे होते. शनिवारी संध्याकाळी सभागृहात दूरदर्शन संच मांडला जाई, एखादा चित्रपट दाखवला जाई आणि मग त्यावर चर्चा होई. असाच एकदा स्पाइक ली या कृष्णवर्णीय अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘डू द राइट थिंग’ हा १९८९ सालचा चित्रपट आम्हांला दाखवण्यात आला. नावाचा अर्थ ‘जे योग्य तेच कर’. चित्रपट संपल्यावर प्राध्यापक फादरांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : मूकीने जे केले ते योग्य की अयोग्य? मी दोन पाने भरून ‘अयोग्य’ असे उत्तर लिहिले, संत थॉमस अक्वायनस यांचे दाखले दिले आणि मला चांगले गुण मिळाले. तीस वर्षांनंतर हा चित्रपट पुन्हा दोनदा पाहण्याचा योग आला. उत्तर मी बदललेले नाही. परंतु त्या दोन पानांत जे लिहायचे राहून गेले ते आता मला बोचते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी हा चित्रपट पाहिला असेल, तेव्हा कथानक थोडक्यात सांगितले पाहिजे. (चित्रपटातील भाषा अतिशय शिवराळ आहे, मुलाबाळांना घेऊन पाहण्याजोगा तो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.) न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन विभागात बेडफर्ड-स्टायव्हेसंट ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. तेथील एका रस्त्यावर साल नावाचा इटालियन वंशाचा गृहस्थ पंचवीस वर्षे पिझ्झाचे दुकान चालवीत आला आहे. पीनो आणि व्हीटो हे त्याचे दोघे मुलगे त्याच्या हाताखाली असतात. थोरला पीनो आपल्या गिऱ्हाइकांचा मनापासून तिरस्कार करतो. धाकटा मवाळ आहे. घरोघरी पिझ्झा पोचवण्याचे काम मूकी हा कृष्णवर्णीय तरुण करतो. ही भूमिका दिग्दर्शकाने स्वतःच केली आहे. उन्हाळ्यातला सर्वांत तापलेला दिवस. माणसे दारापुढच्या पायऱ्यांवर बसून वारा घेत आहेत, मुले आगीच्या बंबासाठी ठेवलेला रस्त्यावरचा नळ उघडून भिजत आहेत, आणि ‘मेयर’ या टोपणनावाने ओळखला जाणारा एक वृद्ध मद्यपी येणाऱ्याजाणाऱ्याला उपदेश करीत आहे. ‘जे योग्य तेच कर’ हे वाक्य मूकीला ऐकवणारा तोच. उपदेश योग्य माणसाच्या तोंडून आला की आपण तो ऐकतो आणि दारुड्याच्या तोंडून आला की हसतो. दिग्दर्शकाने तो मुद्दाम दारुड्याच्या तोंडी घातला आहे.

सालच्या दुकानातील एका भिंतीवर तसबिरी लावलेल्या आहेत. सगळ्या इटालियन वंशाच्या अमेरिकनांच्या : गायक, नट, बेसबॉलचे खेळाडू. बगिन आउट नावाचा एक तरुण सालला विचारतो, की तुझी सारी गिऱ्हाइके कृष्णवर्णीय, मग भिंतीवर एकही कृष्णवर्णीय चेहरा का नाही? साल म्हणतो, तू स्वतःचे दुकान काढ आणि तुला हवे त्याचे चित्र लाव. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. ज्यांच्या पैशावर दुकान चालते त्यांना त्या भिंतीवर थोडी जागा मागण्याचा हक्क पोचतो. आणि ज्याने पंचवीस वर्षे भट्टीपुढे घाम गाळला त्याला आपल्या भिंतीचा अभिमान असणे स्वाभाविक आहे. ही तक्रार क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी आपल्याच धर्मग्रामांत सभागृहाच्या भिंतीवर कोणाची तसबीर लावायची आणि कोनशिलेवर कोणाचे नाव आधी यायचे यावरून किती वर्षे अबोले चालतात ते आठवून पाहावे.

या तसबिरींपुढे आपण कॅथलिकांनी थोडे अधिक थांबले पाहिजे. इटालियन, आयरिश, पोलिश कॅथलिक जेव्हा अमेरिकेत प्रथम उतरले तेव्हा त्यांचीही हेटाळणी झाली होती. त्या हेटाळणीला उत्तर म्हणून त्यांनी चर्चेस बांधली, शाळा काढल्या आणि आपल्या यशस्वी माणसांची चित्रे भिंतीवर लावली. सालची भिंत ही एका काळी अपमानित झालेल्या समाजाची भिंत आहे. तीच पुढे दुसऱ्याला बाहेर ठेवणारी भिंत होते, हे चित्रपट एका शब्दानेही न सांगता दाखवतो. पीनोशी मूकीचे एक संभाषण आहे. मूकी त्याला त्याचा आवडता खेळाडू विचारतो, आवडता नट विचारतो. पीनो मॅजिक जॉन्सन आणि एडी मर्फी ही नावे घेतो. दोघेही कृष्णवर्णीय! ते ‘तसे’ नाहीत, ते वेगळे आहेत, अशी मग त्याची सारवासारव सुरू होते. आपल्याकडेही एका जातीच्या मोलकरणीला वेगळा कप ठेवणारी मंडळी त्याच जातीतल्या मोठ्या अधिकाऱ्याला मुलाच्या लग्नात पहिल्या पंक्तीला बसवतातच.

आता बहिष्काराकडे वळू. माझ्या मते चित्रपटाचा गाभा येथे आहे, आणि सेमिनरीतील माझ्या दोन पानांत त्याचा उल्लेखही नव्हता. बगिन आउट दुकानातून हाकलला जातो तेव्हा तो दगड उचलत नाही. तो दारोदार, पायऱ्यापायऱ्यांवर फिरून लोकांना सांगतो, की सालच्या दुकानावर बहिष्कार घाला. हे शस्त्र डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे. १९५५ च्या डिसेंबरात माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला तो ३८१ दिवस चालला. लोक पायी कामावर गेले, आणि अखेर कायदा बदलला. त्या शस्त्राचे या रस्त्यावर काय होते? लोक हसतात. सालच्या पिझ्झावर आम्ही लहानाचे मोठे झालो, म्हणतात. बगिन आउटही या कामाला योग्य माणूस नव्हे, हे कबूल केले पाहिजे. त्याच्यापाशी आवाज आहे, संघटना नाही, धीर नाही. दिवसभरात त्याला दोनच माणसे मिळतात. एक बोलताना अडखळणारा स्माइली. तो डॉ. किंग आणि माल्कम एक्स यांच्या एकत्र छायाचित्राच्या प्रती रस्त्यावर विकत फिरतो. दुसरा रेडिओ रहीम. धिप्पाड, अबोल, खांद्यावर भलामोठा रेडिओ आणि त्यावर एकच गाणे, सदैव पूर्ण आवाजात. दुपारी जे बहिष्काराला हसले तेच लोक रात्री सालच्या दुकानावर तुटून पडतात. अहिंसेचा मार्ग या वस्तीत हिंसेने बंद केला नाही. तो दुपारच्या उन्हात, गमतीगमतीत बंद झाला.

रात्री दुकान बंद होण्याच्या वेळी हे तिघे आत शिरतात. रेडिओ कर्कश वाजतो आहे. साल तो बंद करायला सांगतो. बगिन आउट इटालियनांच्या वंशावरून शिव्या घालतो. साल उलट कृष्णवर्णीयांसाठीचा तो सर्वांत घाणेरडा शब्द उच्चारतो आणि बेसबॉलची बॅट काढून रेडिओचा चेंदामेंदा करतो. क्षणभर शांतता. मग रहीम सालला गल्ल्यावरून ओढून त्याचा गळा धरतो. मारामारी रस्त्यावर येते. पोलीस येतात, रहीमला सालपासून दूर ओढतात, आणि एक पोलीस आपला दंडुका त्याच्या गळ्यावर आडवा दाबून धरतो. रहीमचे पाय जमिनीवरून उचलले गेलेले आपल्याला दिसतात. ‘पुरे कर’ असे दुसरा पोलीसच म्हणतो. तो पुरे करीत नाही. रहीम मरतो. पोलीस प्रेत गाडीत घालून निघून जातात. मागे राहतात साल, त्याचे मुलगे आणि जमाव. सालच्या बाजूला उभा असलेला मूकी तेथून निघतो, कचऱ्याचा पत्र्याचा डबा उचलतो आणि ‘द्वेष’ असा शब्द ओरडत तो दुकानाच्या काचेतून आत फेकतो. मग जमाव आत घुसतो आणि दुकान जळते.

या घटना एका दमात घडतात, म्हणून त्यांचा न्यायही आपण एका दमात करून टाकतो. त्या सुट्या केल्या पाहिजेत.

प्रथम रहीमचे हात. वंशद्वेषी शिवी आणि मोडलेला रेडिओ यांबद्दल एखाद्याचा गळा दाबणे समर्थनीय आहे काय? संत थॉमस यांची शिकवण येथे स्पष्ट आहे. स्वसंरक्षणासाठी बळ वापरण्यास हरकत नाही, पण ते गरजेपुरते असावे; गरजेपेक्षा अधिक झाले की ते पाप. सालच्या बॅटने रहीमच्या जिवाला धोका नव्हता. रेडिओ मोडून झाला होता, हल्ला संपला होता. रहीमची कृती संरक्षणाची नाही, सुडाची आहे. कॅथलिक चर्चचे १९९२ चे कॅटेकिझमही राग आणि सूड यांत हीच रेषा ओढते.

परंतु संत थॉमस एवढेच म्हणून थांबत नाहीत, आणि हा भाग मी परीक्षेत लिहिला नव्हता, कारण तेव्हा वाचलाच नव्हता. निंदा व अपमान यांवर त्यांनी आपल्या महाग्रंथात स्वतंत्र प्रश्न खर्ची घातला आहे. अपमान सहन करावा काय, असे ते विचारतात. सहन करण्याची मनाची तयारी सदैव असावी, हे पहिले उत्तर. पण पुढे ते म्हणतात, की काही वेळा अपमानाला विरोध करणे आवश्यक असते : अपमान करणाऱ्याचे धाडस वाढू नये म्हणून, त्याच्याच हितासाठी, आणि इतर अनेकांच्या हितासाठी. दाखला म्हणून ते योहानाच्या शुभवर्तमानातील प्रसंग देतात. प्रमुख याजकापुढे शिपायाने प्रभू येशूच्या थोबाडीत मारली तेव्हा प्रभूने दुसरा गाल पुढे केला नाही. माझे काय चुकले ते दाखव, नाही तर मला का मारतोस, असा सवाल त्याने केला. डोंगरावरील प्रवचनातील उजव्या गालाविषयीही काही भाष्यकार असेच सुचवतात : उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचे तर पालथ्या हातानेच मारावे लागते, आणि पालथ्या हाताची चपराक इजा करण्यासाठी नसते, ती कमी लेखण्यासाठी असते. धन्याने दासाला मारायची ती रीत. अशा वेळी दुसरा गाल पुढे करणारा माणूस दबून बसलेला नसतो. मारणाऱ्याने आपल्याला बरोबरीचा मानावे, अशी मागणी तो करीत असतो. म्हणजे प्रभूच्या शिकवणीत सूड बसत नाही, आणि खाली मान घालून गिळणेही बसत नाही. मधली जागा आहे. ती अवघड आहे, एवढेच.

ती किती अवघड आहे हे मला एका तरुणाने शिकवले. आखातात नोकरीला असलेला आमच्या धर्मग्रामातील हा मुलगा मुदतीआधीच परत आला होता. आईने त्याला माझ्या कचेरीत आणून बसवले. (हे पापनिवेदन नव्हते, आणि त्याने परवानगी दिली म्हणूनच लिहितो.) कामावरचा मुकादम त्याच्या रंगावरून आणि देशावरून रोज बोले. सात महिने बोलला. एके दिवशी याने हात उचलला. मुकादमाचा दात पडला आणि याची नोकरी गेली. “फादर, तुम्हीच सांगा याला काहीतरी,” असे आई म्हणाली. मी सांगितले. क्षमेविषयी जे सांगायचे असते ते सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “फादर, मी मारलं ते चुकलंच. पण त्याच्या आधी दोनदा अर्ज लिहून दिला होता मी. आपलीच पोरं हसली मला. तेव्हाचं पण कुणीतरी काहीतरी बोला ना.” माझ्यापाशी बोलण्यासारखे काही नव्हते. त्याच महिन्यात मी हा चित्रपट पुन्हा पाहिला, आणि पायऱ्यांवर बसून बगिन आउटला हसणाऱ्या माणसांकडे या वेळी माझे प्रथमच लक्ष गेले.

दुसरी कृती पोलिसाची. हिच्याविषयी नीतिशास्त्राला फार विचार करावा लागत नाही. रहीम सालपासून दूर झाला होता, त्याला धरून ठेवले होते. त्यानंतरचे गळा आवळणे हे अधिकाराच्या वस्त्रातील मनुष्यवध आहे. आश्चर्य असे, की हा मृत्यू पाहणाऱ्यांच्या मनातून चटकन पुसला जातो. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा न्यूयॉर्कमधील काही नामवंत समीक्षकांनी भीती व्यक्त केली होती, की तो पाहून कृष्णवर्णीय तरुण दंगल करतील. तशी दंगल कोठेही झाली नाही. पण त्या लिखाणात जळालेल्या दुकानाची हळहळ जेवढी होती तेवढी रहीमची नव्हती, ही ली यांची तक्रार रास्त आहे. त्यांना याची पूर्वकल्पना असावी. कारण चित्रपटात दुसऱ्या सकाळी रेडिओवरून महापौरांचे निवेदन ऐकू येते : चौकशी समिती नेमली आहे, शहरात कोणालाही मालमत्तेची नासधूस करू दिली जाणार नाही. त्या निवेदनात रहीम नाही. सेमिनरीतील माझी दोन पाने मी मनातल्या मनात पुन्हा वाचली. त्यांत काच होती, डबा होता, दुकान होते. ती महापौरांच्या निवेदनासारखीच होती.

आणि हे काही कल्पनेतले नाही. चित्रपट ज्या सहा व्यक्तींच्या कुटुंबीयांना अर्पण केला आहे त्यांपैकी मायकेल स्ट्यूअर्ट हा तरुण १९८३ साली पोलिसांच्या ताब्यात असताना जबर जखमी होऊन मरण पावला. एलिनॉर बंपर्स या वृद्ध स्त्रीला १९८४ साली घर रिकामे करण्यासाठी आलेल्या पोलिसांनी गोळी घातली. मायकेल ग्रिफिथ याला १९८६ साली हॉवर्ड बीच या भागात गोऱ्या तरुणांच्या टोळीने पिझ्झाच्या दुकानापासून पाठलाग करून महामार्गावर पळायला लावले आणि तेथे मोटारीखाली सापडून तो मेला. १९९३ साली न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याने गळा आवळण्यास बंदी केली. २०१४ साली त्याच शहरात एरिक गार्नर तसाच मेला. २०२० साली मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा होता. त्या वेळी ली यांनी रहीमच्या मृत्यूची दृश्ये या दोघांच्या खऱ्या चित्रफितींना जोडून एक लघुपट केला. रहीमचे दृश्य एकतीस वर्षे जुने होते. जोड कोठे आहे ते डोळ्यांना सांगता येत नाही.

आता मूकीचा डबा. मूकीच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो, आणि नीतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो मोहात पाडणारा आहे. जमावाचा रोख सालच्या जिवावर होता. मूकीने दुकानाची काच फोडून तो रोख मालमत्तेकडे वळवला आणि तीन जीव वाचवले. दोन परिणाम असलेल्या कृतीचे तत्त्व आपण शिकलेलो असतो. हे त्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण वाटते. मला मात्र चित्रपटात याला आधार सापडत नाही. त्या तत्त्वात हेतू महत्त्वाचा आहे, आणि डबा फेकताना मूकीच्या तोंडून कोणता शब्द निघतो ते आपण ऐकलेले असते. माणसाने स्वतः दिलेली साक्ष आपण त्याच्यासाठी बदलू नये. साल वाचला हे खरे, पण तो मूकीच्या हेतूने वाचला असे म्हणणे म्हणजे मूकीच्या रागाला आपल्या सोयीचे रूप देणे. त्याचा राग खरा होता. मित्राचा खून डोळ्यांपुढे झालेला होता, खुनी गाडीत बसून निघून गेले होते, आणि समोर उरला होता तो साल. न्याय मागावा असे दार त्या रात्री उघडे नव्हते. हे सारे मूकीचा दोष हलका करते. ते त्याच्या कृतीला योग्य ठरवत नाही, कारण डबा ज्याच्या काचेत गेला त्याने रहीमला मारलेले नव्हते. आणि जमाव एकदा सुटला की रस्त्यापलीकडच्या कोरियन भाजीवाल्याच्या दारातही जातो. आपणही तुमच्यासारखेच आहोत, अशी गयावया करून तो बिचारा वाचतो, आणि जमाव चक्क हसतो. त्या हसण्याने मला दुपारचे हसणे आठवले.

पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या आपल्या परिपत्रकात, मूलभूत मानवी हक्क पायदळी तुडवणारी उघड आणि दीर्घकाळची जुलमी सत्ता असेल तर, असा अपवाद नमूद करून सशस्त्र उठावाविषयी इशारा दिला आहे, की एका अन्यायातून दुसरे अन्याय जन्मतात. काही जण त्या अपवादाचा आधार मूकीला देऊ पाहतील. तो पुरत नाही. कृष्णवर्णीयांवरचा जुलूम दीर्घकाळचा होता यात शंका नाही. पण पिझ्झाची भट्टी ही जुलमी सत्ता नव्हे, आणि एका रात्रीच्या जाळपोळीने ती सत्ता हललीही नाही.

चित्रपटावरचा माझा आक्षेप वेगळाच आहे. शेवटी पडद्यावर दोन अवतरणे येतात. पहिले डॉ. किंग यांचे : हिंसा अव्यवहार्य आहे आणि अनैतिकही. दुसरे माल्कम एक्स यांचे : स्वसंरक्षणासाठीची हिंसा तिला ते हिंसा म्हणतच नाहीत, शहाणपण म्हणतात. नंतर स्माइलीकडचे ते छायाचित्र, दोघे हसत हस्तांदोलन करताना. हे दोघे आयुष्यात एकदाच भेटले, २६ मार्च १९६४ रोजी वॉशिंग्टनमध्ये, काही मिनिटांपुरते. दोघांचाही खून झाला आणि दोघेही एकोणचाळीस वर्षांचे होते. दिग्दर्शक निवाडा देत नाही, दोन्ही बाजू आपल्यापुढे ठेवतो, म्हणून त्याचे कौतुक झाले. मला त्यात असमतोल दिसतो. माल्कम यांची बाजू रस्त्यावर जिवंत माणसांच्या रूपाने वावरते, डॉ. किंग यांची बाजू शेवटच्या अक्षरांत आणि एका विकाऊ छायाचित्रात उरते. शांततेचे बोलणारे पात्र एकच, ते म्हणजे वृद्ध मेयर, आणि जमाव त्याला हटवतो. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते, की पर्याय दोनच : डबा फेकणे किंवा घरी जाऊन निजणे. डॉ. किंग यांची अहिंसा घरी जाऊन निजणारी नव्हती. १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये मोर्चात उतरण्यापूर्वी स्वयंसेवकांना लेखी प्रतिज्ञा करावी लागे, मार खाण्याचा सराव करावा लागे. मग पाण्याचे फवारे आणि पोलिसी कुत्री यांच्यापुढे ते उभे राहिले. चित्रपटात आग विझवणारे बंबवाले शेवटी फवारे जमावावरच वळवतात, तेव्हा बर्मिंगहॅमची आठवण दिग्दर्शकाने जागी केलीच आहे. फवारे आठवले, फवाऱ्यांपुढे उभे राहण्याची ती तयारी मात्र त्याला आठवली नाही.

तरीही हा आक्षेप मी फार ताणणार नाही, आणि त्याला एक कारण आहे. ५ ऑगस्ट १९६६ रोजी डॉ. किंग शिकागोच्या मार्केट पार्क भागात मोर्चा घेऊन गेले. कृष्णवर्णीयांना तेथे घरे मिळावीत, एवढीच मागणी होती. ती वस्ती बहुतांशी गोऱ्या कॅथलिकांची होती. मोर्चात काही फादर आणि सिस्टर्स होत्या. त्यांनाही शिव्या आणि दगड खावे लागले. जमावातून आलेला एक दगड डॉ. किंग यांच्या डोक्याला लागला आणि ते गुडघ्यावर कोसळले. एवढा द्वेष आपण मिसिसिपी आणि अलाबामातही पाहिला नाही, असे ते नंतर म्हणाले. त्या दगडाविषयी आपण सेमिनरीत एकही निबंध लिहिला नाही. फळ्यावर प्रश्न आला तो मूकीच्या डब्याविषयी.

जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. शंभर वर्षांनी, १९७२ साली, मुंबईतील दलित तरुणांनी आपल्या संघटनेला अमेरिकेतील ब्लॅक पँथरांवरून नाव दिले. म्हणजे तिकडचे हे प्रश्न मराठी माणसाने फार पूर्वीच आपले मानले होते. आपण ख्रिस्ती मराठी वाचकांनी ते परके समजण्याचे कारण नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी फ्लॉइडच्या मृत्यूनंतर, ३ जून २०२० रोजी, वंशद्वेषाकडे डोळेझाक करून मानवी जीवनाच्या पावित्र्याचे रक्षण करता येत नाही, असे सांगितले. आणि त्याच वेळी हिंसेने काहीच साधत नाही, उलट बरेच गमावले जाते, असेही सांगितले. दोन्ही विधाने त्यांनी एकत्र केली. आपण बहुधा दुसरेच लक्षात ठेवतो, कारण ते दुसऱ्यांना सांगण्याचे असते.

रेडिओ रहीमच्या बोटांत पितळी अंगठ्यांसारखे दोन पट्टे आहेत. एका हातावर ‘प्रेम’, दुसऱ्यावर ‘द्वेष’ ही अक्षरे. हे दोन हात एकमेकांशी कसे झुंजतात आणि शेवटी प्रेम कसे जिंकते, याची गोष्ट तो मूकीला मोठ्या रंगाने सांगतो. ही कल्पना ली यांनी ‘द नाइट ऑफ द हंटर’ या १९५५ च्या चित्रपटावरून घेतली आहे. तेथे ही गोष्ट सांगणारा इसम धर्मोपदेशक म्हणून हिंडणारा खुनी आहे. आमच्या व्यवसायातील माणसाने हे ध्यानात ठेवावे हे बरे. रहीमला दिग्दर्शकाने एवढेच काय ते बोलू दिले आहे. त्याचे घर, त्याची आई, त्याचा दिवस आपल्याला दिसत नाही. हा चित्रपटातील एक उणेपणा आहे, कारण ज्याच्या मृत्यूचे दुःख व्हायचे त्याची ओळख तरी हवी. राल्फ एलिसन यांच्या १९५२ च्या ‘इनव्हिजिबल मॅन’ या कादंबरीत नायक शिवी घालणाऱ्या गोऱ्या माणसाला बेदम मारतो, त्याच्या गळ्यापर्यंत चाकू नेतो आणि एकदम थांबतो. या माणसाने आपल्याला खरे तर पाहिलेलेच नाही, हे त्याला उमगते. रहीमला हे उमगायला वेळ मिळत नाही. त्याचा रेडिओ फुटला तेव्हा त्याची ऐकू जाण्याची एकमेव सोय फुटली होती.

दुसऱ्या सकाळी मूकी जळक्या दुकानापुढे आपला पगार मागायला येतो. अडीचशे डॉलर. साल संतापाने शंभराच्या पाच नोटांचे बोळे करून त्याच्या अंगावर फेकतो. मूकी त्यांतल्या दोन परत फेकतो. आपले अडीचशे होतात, तीनशे घेतले तर पन्नास देणे लागतो, असा त्याचा हिशेब. राखेसमोर, पदपथावर पडलेल्या त्या दोन नोटांपाशी दोघे उभे राहतात आणि आजही उकाडा होणार, असे काहीतरी बोलतात.